मित्राच्या ॲक्सिडेंटनंतर पैसे कसे उभे करायचे (डिस्चार्जनंतरचे महिने धरून)

ॲक्सिडेंट झाला की पहिल्या दोन-चार दिवसांत पैसे येतातच. कोणाच्या तरी स्टेटसला क्यूआर कोड लागतो, दहावीच्या बॅचचा ग्रुप जागा होतो, कोण पाचशे टाकतो कोण पाच हजार, आणि आयसीयूचं डिपॉझिट कसंबसं भरलं जातं. खरा वांदा नंतर होतो. पेशंट घरी येतो, पायात रॉड असतो किंवा डोक्याला मार असल्याने बोलणं अडखळतंय, पगार बंद, बायको बिनपगारी रजेवर, फिजिओवाला रोज येतोय आणि रोजचे पैसे द्यावे लागतायत, आणि तोपर्यंत ग्रुपवर परत गुड मॉर्निंगचे फोटो सुरू झालेले असतात. म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की हॉस्पिटलचं बिल जमेल तेवढं योजना आणि इन्शुरन्सच्या गळ्यात घाला, आणि लोकांकडून आलेला पैसा घरच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

आधी घरच्यांना विचारा. मित्र शुद्धीवर असेल तर त्यालाच, नसेल तर वहिनीला नाहीतर काकांना. उगाच प्रस्तावना नको, "वहिनी, आम्ही पोरं मिळून पैसे गोळा करतोय, पण तुम्हाला चालणार असेल तरच. नाव टाकू का? फोटो कुठला टाकू? कोणाला कळू नये असं कोण आहे का?" एवढंच. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण गावाकडं आजीला अजून काही सांगितलेलं नसतं, बहिणीच्या सासरी बोभाटा नको असतो, आणि ते सगळं तुमच्या एका फॉरवर्डने फुटतं. काही घरांत काका म्हणणार "आमच्यावर अजून अशी वेळ नाही आली", तिथं वाद घालायचा नाही. तेव्हा जवळच्या आठ-दहा जणांनी गुपचूप जमवायचं आणि भिशी असेल तर या महिन्याचा नंबर त्याला द्यायचा. भिशीचं हे बरं असतं, पैसे त्याचेच असतात फक्त आधी मिळतात, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

मग तीन माणसं ठरवा, तीनच. एक हॉस्पिटलला असणारा, जो बिलिंग काउंटर आणि डॉक्टरांशी बोलेल. एक हिशोब ठेवणारा, शक्यतो तो मित्र ज्याला सगळे कंजूष म्हणतात. आणि एक फोन करणारा, ज्याला मागायची लाज वाटत नाही. बाकीच्यांनी डबे पोचवा, रात्री थांबा, पोरांना शाळेत सोडा, ते पण कामच आहे, पण पैशाबद्दल दहा जणांनी दहा आकडे सांगायचे नाहीत.

आता हॉस्पिटलवाल्या माणसाचं काम, आणि हे पहिल्या दिवसापासून, कारण यातल्या निम्म्या गोष्टी उशीर झाला की हातातून जातात.

रोड ॲक्सिडेंट असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांच्या कामासाठी हॉस्पिटलने केलेली नोंद) झालीय का आणि पोलीस स्टेशनला नोंद आहे का ते बघा. पुढं प्रत्येक जण तो कागद मागणार आहे. केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये लागू झाली, त्यात मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झाला असेल तर ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये दीड लाखापर्यंतचे उपचार होतात, पण ते अपघातापासून ७ दिवसांपर्यंतच. त्यात उत्पन्नाची अट नाही. काउंटरवरच्या पोराला माहीत नसेल तर त्याच्या वरच्याला विचारा, तिथंही नाही कळलं तर पोलीस स्टेशनला विचारा, पण "असं काही नसतं" हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. ही फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची असा अजून लोकांचा समज आहे, पण आता पांढरं रेशनकार्ड असलं तरी बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अट एवढीच की हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि ती शस्त्रक्रिया किंवा उपचार यादीत असले पाहिजेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याचं टेबल शोधा, बहुतेक वेळा एंट्रीजवळच असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच भेटा, डॉक्टरला याबद्दल विचारत बसू नका. हेल्पलाइन १५५३८८. आणि पेशंट योजनेत नसलेल्या हॉस्पिटलात असेल तर स्टेबल झाल्यावर हलवता येईल का हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात काही लाजायचं नाही. हलवायचं की नाही ते मात्र डॉक्टरच ठरवणार, पैसे वाचवायला म्हणून तुम्ही हट्ट धरायचा नाही.

मोठं ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादायवालं प्रकरण बघा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ एए, आणि बिलातून बाजूला काढलेला वेगळा निधीपण असतो. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यामुळे गावाकडं जो कोण मोकळा आहे त्याला त्याच दिवशी सेतू केंद्रात पाठवा. हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात, एमएसडब्ल्यू म्हणतात, त्यांना भेटा. आवाज चढवून काही होत नाही, हातात फाईल आणि अर्ज घेऊन गेलेला माणूस बघितला की तिथली भाषा बदलते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून पण मिळतं. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, दाखला, आधार, रेशनकार्ड, पेशंटचा जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो, अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आणि पेशंट ॲडमिट असतानाच अर्ज जायला पाहिजे, डिस्चार्जनंतर बिलं घेऊन गेलात तर उपयोग नाही. मुंबईत सिद्धिविनायक न्यासासारखे मोठे देवस्थान ट्रस्टही वैद्यकीय मदत करतात. एकेका ठिकाणचा आकडा लहान वाटतो पण चार ठिकाणचे मिळून एखादं इम्प्लांट (हाडात बसवायचा रॉड, प्लेट वगैरे) निघतं.

नोकरीवाला असेल तर त्याच्या एचआरला तुम्हीच फोन लावा. ग्रुप इन्शुरन्स आहे का, आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापलं जातंय का. कामावर किंवा कामावर जाता-येताना अपघात झाला असेल तर ईएसआयसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता असतो, पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घरखर्चाचा मोठा प्रश्न तिथंच सुटतो. पीएफमधून आजारपणासाठी ॲडव्हान्स निघतो. आणि बँकेचं पासबुक बघा, दरवर्षी मे-जूनमध्ये २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. तो उपचाराला नसतो, पण एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. लोकांना आपल्या खात्यात हा विमा आहे हेच माहीत नसतं.

समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम लागतो, कायद्यात ६ महिन्यांची मुदत घातलीय, त्यामुळे वकील लवकर गाठा. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रनमध्ये गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. स्वतःच घसरून पडला असेल तर समोरच्या गाडीचा विमा कुठून येणार, मग त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतला पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर बघा. हे सगळं उशिरा मिळणारं आहे, आज बिल भरायला कामाचं नाही, पण यासाठी आजपासून बिलं जपावी लागतात. प्रत्येक बिल, प्रत्येक मेडिकलची पावती, रिक्षाचीसुद्धा, एका फाईलीत. इन्शुरन्सला ओरिजिनल लागतं, कोर्टातही लागतं, म्हणून कोणालाही ओरिजिनल द्यायच्या आधी झेरॉक्स आणि फोटो. मेडिकलची पावती थर्मल कागदावर असते, काही महिन्यांत कोरी होऊ शकते, तिचा फोटो तर त्याच दिवशी.

हे सगळं लागलं की मग कळतं लोकांकडं किती मागायचंय. आकडा काढायला हॉस्पिटलच्या बिलापासून सुरू करू नका, घरापासून करा. वहिनीसोबत बसून वही काढा. समजा फिजिओ एका वेळचे ५०० घेतो आणि महिन्यात २५ वेळा येतो, १२,५००. दिवसाचा अटेंडंट ब्युरोतून आणला, रोजचे ७०० धरले तर २१,०००. औषधं, डायपर, ड्रेसिंग, फॉलोअपला जायची गाडी मिळून ८,०००. आणि टू-व्हीलरचा नाहीतर घराचा हप्ता ९,५००. महिन्याचे झाले ५१,०००, सहा महिन्यांचे ३ लाख ६ हजार. अजून किराणा आणि पोरांची फी यात धरलेलीच नाही. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण अशी बेरीज केल्याशिवाय "पाच लाख लागतील" असं हवेत सोडू नका, लोक विचारतात कशाला लागतील आणि मग तुम्ही अडखळलात की त्यांचा हात आखडतो.

बेरीज करताना काय विकत घ्यायचंच नाही तेही ठरवा. फाउलर बेड (डोक्या-पायाकडून वर-खाली होणारा), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर ह्या वस्तू बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून डिपॉझिटवर मिळतात, रोटरी-लायन्सवाले किंवा एखादं गणपती मंडळ चालवतं. एअर बेड मात्र नीट बघून आणा, मोटर चालू करून, हवा आलटून पालटून भरतेय का हे हाताने दाबून. तो बंद पडला आणि बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला की परत ॲडमिट, आणि मग तुमचं सगळं गणित कोलमडलं. पाय गेला असेल तर कृत्रिम पायासाठी लाखांची कोटेशन्स बघून घाबरण्याआधी जयपूर फूटवाल्यांकडं चौकशी करा, भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे मोफत करते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं परत करायला शिकवणं), कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) सगळं एका जागी. घरच्या फिजिओपेक्षा तिथं काय होतं हे एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे. शक्यतो पेशंटच्या किंवा बायकोच्या नावाच्या खात्यात, आणि ज्यात पगार-हप्ते चालतात त्यात नको, वेगळं. नाहीतर शंभर-दोनशे यूपीआय एंट्रीमध्ये ईएमआय मिसळतो आणि हिशोबवाला डोकं धरून बसतो. बँकेच्या मॅनेजरला आधी सांगून ठेवा की असे असे पैसे येणार आहेत, एकदम इतक्या लोकांकडून रक्कम आली की खात्यावर प्रश्न उठू शकतात आणि नेमकं गरजेच्या दिवशी खातं अडकलेलं परवडत नाही. तुमच्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका. विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेवा, उद्या स्टेटमेंट तुमचं निघतं आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. इन्कम टॅक्सचा नियम असा की नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५० हजारांच्या वर फुकट मिळालं तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. बऱ्याच घरांचं एकूण उत्पन्न टॅक्सच्या आतच राहतं त्यामुळे भरावं काही लागत नाही, पण रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा, आपल्या ग्रुपमध्ये एक तरी असतोच. योजनेतून न सुटलेलं बिल बाकी असेल तर ज्यांना मोठी रक्कम द्यायचीय त्यांना सांगा की थेट हॉस्पिटलच्या खात्यात पेशंटचा आयपीडी (ॲडमिशनचा) नंबर टाकून भरा. कॅशमध्ये मात्र २ लाख किंवा जास्त एका माणसाकडून घेता येत नाहीत, हॉस्पिटललाही नाही.

मिलाप, केटो, इम्पॅक्ट गुरु हे ऑनलाइन वर्गणीचे प्लॅटफॉर्म कधी? तुमच्या ओळखीच्या बाहेर मागायचं असेल तेव्हा. पाच-सहा लाखांच्या आतलं काम असेल आणि ओळखीचा गोतावळा बरा असेल तर माझ्या मते गरज नाही. लावायचंच असेल तर आधी विचारून घ्या की फी किती, पेमेंट गेटवेचे किती, जाहिरात केली तर त्याचे कोण भरणार, आणि पैसे काढताना हॉस्पिटलला जाणार की घरच्यांना. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण आपल्याला घरच्या महिन्यांसाठी पाहिजेत. देणाऱ्याला पैसे देताना वर टिप म्हणून रक्कम आधीच निवडलेली दिसू शकते, ती शून्य करता येते का हे बघून मेसेजमध्ये लिहा. आणि ८०जी ची (टॅक्समध्ये सूट मिळवायची) पावती कोणी मागितली तर, एका माणसाला दिलेल्या मदतीवर ती मिळत नाही, नोंदणीकृत ट्रस्टला दिली तरच.

अमेरिका-दुबईतले आपले लोक पटकन देतात, पण तिथं एक फरक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेला चुलतभाऊ मात्र कायद्याच्या नजरेत परदेशी, त्याचे पैसे घेण्याआधी सीएला किंवा प्लॅटफॉर्मला विचारा.

आता मेसेज. लोक दोन चुका करतात, एक म्हणजे नळ्या लावलेला आयसीयूतला फोटो, दुसरी म्हणजे "प्लीज हेल्प अर्जंट" आणि खाली नुसता नंबर. फोटो चांगल्या दिवसांतला टाका, गडावरचा, लग्नातला, जसा लोकांनी त्याला बघितलाय तसा. आधारकार्ड आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकायचे नाहीत, कोणाला खात्री पाहिजे असेल तर त्याला वेगळे दाखवा. मेसेज साधारण असा:

"मंडळी, आपला अमुक, २००६ ची बॅच, १२ तारखेला हायवेवर बाइकवरून पडला. मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आहे, बोलतोय. हॉस्पिटलचं बरंचसं बिल योजनेतून होतंय. पण डॉक्टरांनी सहा महिने कामावर जायचं नाही सांगितलंय आणि घरात कमावणारा तोच आहे. फिजिओ, अटेंडंट, औषधं आणि हप्ता धरून महिन्याला ५१ हजार लागतायत. ५१ जणांनी सहा महिने हजार-हजार दिले तर काम होतं. कमी-जास्त चालेल, एकदाच दिले तरी चालेल. पैसे वहिनींच्या नावावर जातील, पेमेंट करताना नाव दिसेल ते बघूनच पाठवा. हे आवाहन ३० तारखेपर्यंतच, त्यानंतर कोणी फॉरवर्ड केलं तर पैसे पाठवू नका. हिशोब दर महिन्याच्या ५ तारखेला इथंच."

शेवटची तारीख टाकाच. असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि मधेच कोणीतरी नंबर बदलून स्वतःचा क्यूआर चिकटवतो.

ग्रुपवर टाकून बसू नका, तिथं दोनशे जण असतात, हात जोडलेले इमोजी चाळीस येतात आणि पैसे बारा जणांचे. फोन करा. आधी अशा तीन-चार जणांना जे नक्की देणार, म्हणजे यादी रिकामी दिसत नाही. मग एकेकाला, आणि आकडा तुम्ही बोला, "भावा, महिन्याला हजार, सहा महिने, जमेल का?" समोरचा पाचशे म्हणाला तर पाचशे. जमणार नाही म्हणाला तर विषय संपला, परत विचारायचं नाही, त्याच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. महिन्याचे कबूल केलेल्यांना बँक ॲपमधून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला पैसे आपोआप जातील अशी सोय) लावायला सांगा, त्याच फोनवर, "नंतर लावतो" म्हणजे झालंच. नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून तुम्हाला वसुली करत फिरावं लागतं आणि मैत्रीची चव जाते. आणि विचारून घ्या की हे मदत म्हणून की हातउसने. उसने असतील तर वहीत वेगळ्या पानावर, तारखेसकट, वहिनीला सांगून. वर्षभराने कोणीतरी लग्नात सगळ्यांसमोर "ते माझे वीस हजार" काढतो, त्यापेक्षा हे बरं.

क्रिकेटच्या टेनिस बॉल टुर्नामेंट, मिसळ पार्टी, ऑर्केस्ट्रा वगैरे लोक सुचवतात. ट्रॉफी, मंडप, स्पीकर, जेवण वजा करून उरतं किती हे आधी कागदावर मांडा, ग्राउंड आणि ट्रॉफी फुकट मिळत असेल तरच करा. चौकात डबा घेऊन नाहीतर पावत्या फाडून पैसे गोळा करायचे असतील तर त्याआधी धर्मादाय कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या, गणपती मंडळांना वर्गणीसाठी लागते तोच प्रकार.

हिशोब म्हणजे एक गूगल शीट, तारीख, रक्कम, कुठून आले, कशाला गेले. देणाऱ्यांची नावं आणि रकमा सगळ्यांना दाखवायच्या नाहीत, कोणी पाचशे दिले कोणी पन्नास हजार यावरून कुजबुज सुरू होते. एकूण आले, एकूण गेले, शिल्लक एवढंच ग्रुपवर, आणि सोबत दोन ओळी तो कसाय याच्या. "वॉकर सोडून काठीवर आला" अशी ओळ गेली की पुढच्या महिन्याचे हप्ते न मागता येतात, हे मी बघितलंय. आणि खर्चावर घरच्यांना जाब विचारायचा नाही. वहिनीने पोराचा वाढदिवस केला, केक आणला, तर तो पण त्या घराचा खर्चच आहे, शीटमध्ये "घरखर्च" लिहायचं आणि पुढं जायचं.

पैसे उरले तर काय, हे सुरुवातीलाच ठरवून मेसेजमध्ये टाका. रॉड काढायचं ऑपरेशन कधी कधी वर्ष-दीड वर्षाने करावं लागतं, त्यासाठी एफडी करून ठेवणं मला सगळ्यात बरोबर वाटतं. आणि तो कामावर रुजू झाला की शेवटचा हिशोब टाकून क्यूआर बंद करा, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन काढायला प्रत्येकाला आठवण करा, लोक विसरतात आणि सातव्या महिन्यालाही पैसे कापले जातात.